कावड वाहणारा खांदा

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालेला रस्ता बांबवडे, मलकापूर ही गावे मागे टाकीत आंबा घाटाच्या तोंडाशी येतो आणि तेथून वळणे घेत साखरप्याच्या दिशेने कोकणात उतरतो. घाटमाथ्यावर या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला डोंगराळ मुलूख म्हणजे शाहूवाडी तालुका. पावसाळ्यात येथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो. डोंगरउतारावरच्या लहान लहान पट्ट्यांत भात आणि नाचणी पिकते. वाड्यावस्त्या एकमेकींपासून दूर, डोंगरांच्या कुशीत वसलेल्या. इतिहास म्हटला की शाहूवाडीच्या संदर्भात विशाळगड आठवतो, जुलै १६६० मधील पावनखिंडीचा रणसंग्राम आठवतो, विशाळगडकर पंतप्रतिनिधींची मलकापूरची जहागीर आठवते. तो इतिहास पाठ्यपुस्तकांत आला, पोवाड्यांत गायिला गेला, आणि ते योग्यच झाले.

प्रस्तुत लेखाचा विषय याच मुलखातला, परंतु कोणत्याही बखरीत न आलेला असा इतिहास हा आहे. तो घडला घराच्या सोप्यावर, चुलीपाशी, आतल्या अंधाऱ्या खोलीत. म्हातारी माणसे आणि त्यांची उस्तवार करणारी माणसे यांच्या मनांचा हा इतिहास. आपल्यापैकी बहुतेकांची घरे शाहूवाडीपासून दूर असतील. तरीही ही गोष्ट आपल्याच घरची आहे, हे वाचता वाचता वाचकांच्या ध्यानात येईल.

मनीऑर्डरीवर चालणारी घरे

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि दोन वर्षांनी तिचे काम सुरू झाले. पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभे राहिले आणि त्याला माणसे पुरवली ती मुख्यतः कोकणाने व घाटमाथ्यावरच्या डोंगरी तालुक्यांनी. तुटपुंजी जमीन, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि उरलेल्या आठ महिन्यांत हाताला काम नाही, अशा परिस्थितीत शाहूवाडी, शिराळा, पाटण या भागांतील तरुण मुंबईची वाट धरू लागले. गिरणीत, गोदीत, बाजारपेठेतील हमालीत ते राबले. एका खोलीत दहा-पंधरा जण दाटीवाटीने राहायचे, खानावळीत जेवायचे आणि महिन्याकाठी गावी पैसे धाडायचे. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डरीची सोय केली आणि पोस्टमन हा खेड्यातल्या घराचा जणू अन्नदाता ठरला.

या स्थलांतराची आर्थिक बाजू अभ्यासकांनी पुष्कळ लिहिली आहे. तिची एक कौटुंबिक बाजूही होती. कर्ता पुरुष मुंबईला, त्याची पत्नी आणि मुले गावी, आणि घरात सासू-सासरे. शेत, गुरे, पाणी, सरपण, मुलांची शाळा आणि म्हाताऱ्यांचे दुखणे हे सर्व एका बाईच्या अंगावर. मुलगा पैसे पाठवीत असे, म्हणून तो श्रावणबाळ ठरे. सून हातांनी सेवा करी, पण तिच्या सेवेला नाव नव्हते. ती तिची रीतच समजली जाई.

आपल्या समाजातील वाचकांना हे चित्र परके वाटू नये. गोव्यातील ख्रिस्ती तरुण असेच मुंबईत आले. गावाच्या नावाने चालणाऱ्या कूडांत ते उतरले आणि तेथून जहाजावर किंवा नोकरीवर गेले. पुढे आखाती देशांची वाट उघडली. त्यांच्याही घरी मागे आईवडील राहिले आणि त्यांच्याजवळ कोणी वहिनी, कोणी अविवाहित बहीण राहिली. शाहूवाडीची गावकऱ्यांची खोली आणि गोवेकरांचा कूड ही एकाच काळाची दोन अपत्ये होत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधीच झाली नाही, आणि हजारो कामगारांना पुन्हा गिरणीचा भोंगा ऐकू आला नाही. अनेक जण गावी परतले. ज्या घराला त्यांनी पंचवीस-तीस वर्षे पैसे पाठवले, त्याच घरात ते आता रिकाम्या हातांनी बसले. गावाला त्यांची सवय नव्हती आणि त्यांना गावाची. ज्याची ओळखच त्याच्या कामावर उभी होती, त्याचे काम गेल्यावर मनाची काय अवस्था होते, याचा विचार त्या वेळी फारसा झाला नाही. चर्चा झाली ती थकबाकीची आणि घरांची. ती आवश्यक होतीच. पण सोप्यावर भिंतीला टेकून तासन्‌तास गप्प बसणाऱ्या त्या माणसाला काही आजार असू शकेल, हे कोणाच्या मनात आले नाही. त्याची पुढची पिढी पुन्हा घराबाहेर पडली, कोणी कोल्हापूरजवळच्या कारखान्यांत, कोणी पुणे-पिंपरीकडे. मागे उरली ती पुन्हा म्हातारी माणसे, आणि त्यांच्यापाशी पुन्हा एक बाई.

एकत्र कुटुंबाविषयीचा एक गैरसमज

वृद्धांचा प्रश्न निघाला की आपण एक उसासा टाकतो : पूर्वी एकत्र कुटुंब होते, त्यामुळे म्हाताऱ्यांचे सगळे नीट होत असे. या वाक्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धे आहे.

स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. बालमृत्यूंचे प्रमाण प्रचंड असल्याने ही सरासरी खाली ओढली गेली होती हे खरे. तरी ऐंशी वर्षांचा, अंथरुणाला खिळलेला, आठ-दहा वर्षे दुसऱ्यावर अवलंबून राहिलेला वृद्ध हा प्रत्येक घराचा अनुभव नव्हता. पटकी, प्लेग, हिवताप, न्यूमोनिया यांनी म्हातारपण लांबूच दिले नाही. आज सरासरी आयुर्मान सत्तरच्या घरात आहे. १९६१ च्या जनगणनेत साठीच्या पुढच्या लोकांचे प्रमाण शेकडा ५.६ होते. २०११ मध्ये ते ८.६ झाले, म्हणजे दहा कोटींहून अधिक माणसे, आणि महाराष्ट्रात ते ९.९ वर पोहोचले. ही वैद्यकाची आणि सार्वजनिक आरोग्याची मोठी कमाई आहे. परंतु तिचा अर्थ असाही, की आपल्या पणजीने जी सेवा काही महिने केली, ती आज तिच्या पणतसुनेला कित्येक वर्षे करावी लागते, आणि तीही जावा-नणंदांच्या मदतीशिवाय. पूर्वीच्या सुना फार सोशिक आणि आताच्या आपमतलबी, हा निवाडा करण्यापूर्वी हे गणित एकदा मांडून पाहावे.

दुसरी गोष्ट अशी, की एकत्र कुटुंबात सेवा होत असे म्हणजे ती आनंदाने होत असे असे नाही. सेवा करणाऱ्या बाईचे मन कोणी विचारले नाही, म्हणून तिची तक्रार नोंदली गेली नाही. इतिहासात ज्याची नोंद नाही, ते घडलेच नाही असे मानण्याची चूक आपण करू नये.

साठी बुद्धी नाठी

मराठीत एक म्हण आहे : साठी बुद्धी नाठी. म्हातारपणी बुद्धी पळून जाते, हा अनुभव लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतला आणि चार शब्दांच्या आत बांधून ठेवला. 'म्हातारचळ' हा शब्दही आपलाच. जेवण झाल्यावर 'मला कोणी जेवायला दिले नाही' असे शेजाऱ्यांना सांगणारी आजी, स्वतःच्याच घरात बसून 'मला घरी न्या' म्हणणारे आजोबा, पैशांची पिशवी आपणच लपवून सुनेवर चोरीचा आळ घेणारी सासू. ही माणसे गावोगावी होती. कोणी त्यांना हसले, कोणी त्यांच्यावर संतापले, कोणी बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावला. बहुतेकांनी 'वय झाले' म्हणून विषय सोडून दिला.

हा वयाचा दोष नसून मेंदूचा आजार आहे, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. जर्मनीतील फ्रांकफुर्टच्या रुग्णालयात १९०१ मध्ये ऑगुस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नावदेखील धड लिहिता येईना. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर अलॉइस आल्त्झायमर यांनी तिच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूची तपासणी केली आणि नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्युबिंगेन येथील सभेत आपले निष्कर्ष मांडले. सभेने त्यांची फारशी दखल घेतली नाही. पुढे १९१० मध्ये या विकाराला त्यांचे नाव मिळाले. आज आपण ज्याला स्मृतिभ्रंश म्हणतो, त्याचे हे सर्वाधिक आढळणारे कारण होय. भारतात या विषयावर काम करणारी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी १९९२ मध्ये केरळात स्थापन झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार साठीच्या पुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शेकडा ७.४, म्हणजे सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख माणसे असे आहे. ते शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळले.

स्मृतिभ्रंशाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक दुर्लक्षित विकार म्हणजे वृद्धांचे नैराश्य. २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढील दर शंभर माणसांत सुमारे आठ जणांत तीव्र नैराश्याची लक्षणे दिसली. हे नैराश्य 'मी उदास आहे' अशा शब्दांत क्वचितच प्रकट होते. झोप येत नाही, भूक मेली, अंग दुखते, छातीत कसेतरी होते, कशातच राम वाटत नाही, 'देवाने आता न्यावे', अशी त्याची भाषा असते. घरातली माणसे पोटाचे औषध आणतात, गुडघ्याला तेल लावतात, आणि मूळ दुखणे आत राहते. वास्तविक नैराश्यावर औषधांचा व समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो, वय ऐंशी असले तरीही.

घाटाखालचे इस्पितळ

आता पुन्हा आंबा घाटाच्या रस्त्यावर येऊ. हा रस्ता ज्या रत्नागिरीला जातो, तेथे १८८६ मध्ये मनोरुग्णालय सुरू झाले. योगायोग असा, की ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी त्याच वर्षी रत्नागिरीस बंदिवासात आणून ठेवले. राजाला परत जायचे नव्हते आणि रुग्णालयात गेलेल्या अनेकांचीही परतीची वाट बंदच होती. १८५८ च्या कायद्याने अशी आश्रयस्थाने उभारण्याची चौकट घालून दिली होती, पुढे १९१२ चा कायदा आला. दोहोंचा भर उपचारापेक्षा बंदोबस्तावर होता. वेडसर माणसापासून समाजाला त्रास होऊ नये, हा त्यामागचा मुख्य विचार. १९४६ च्या भोर समितीने हिशेब मांडला, तेव्हा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या.

या व्यवस्थेचा परिणाम असा झाला, की डोंगरी खेड्यातल्या कुटुंबापुढे दोनच टोके उरली. एक, रुग्णाला घाट उतरवून कायमचे सोडून येणे. दुसरे, घरातच ठेवून जमेल तसे निभावणे. मधली पायरीच नव्हती. त्यातून मनोरुग्णालयाच्या नावाचीच दहशत बसली. 'ठाण्याला पाठवावे लागेल', 'येरवड्याला न्या', ही वाक्ये आपण थट्टेत सहज वापरतो. ज्या घरात खरोखर असा रुग्ण असतो, त्या घराला ती सुरीसारखी लागतात. वडील रात्री उठून दार उघडून बाहेर पडतात, हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून घर दाराला कडी लावते. कडी लावल्यावर आतला म्हातारा आणि त्याला सांभाळणारी बाई, दोघेही कोंडले जातात.

शुश्रूषेची दुसरी परंपरा

बंदोबस्ताच्या परंपरेला समांतर अशी जिव्हाळ्याची एक परंपरा जगात होती, आणि तिचा एक प्रवाह आपल्या धर्मसभेतून वाहत आला आहे. १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या सँ-सर्व्हां गावात जान जुगान या सत्तेचाळीस वर्षांच्या, स्वतः मोलमजुरी करून पोट भरणाऱ्या स्त्रीने आन शोव्हँ नावाच्या एका अंध, लुळ्या म्हातारीला आपल्या घरी आणले आणि स्वतःची खाट तिला दिली. त्यातून 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा संघ उभा राहिला. त्या भगिनी १८८२ मध्ये कोलकात्यास आल्या, आणि मुंबईत अंधेरीच्या महाकाली रस्त्यावरील त्यांचा वृद्धाश्रम अनेक वाचकांनी पाहिला असेल. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ११ ऑक्टोबर २००९ रोजी जान जुगान यांना संतपद दिले.

या कथेतला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. जान एकटी नव्हती. तिच्या घरात आणखी दोघी सोबत राहत होत्या. तिघींनी मिळून भार उचलला, आणि पुढे जान झोळी घेऊन दारोदार गेली तेव्हा सारे गाव त्या भारात वाटेकरी झाले. एकट्या खांद्यावरची सेवा फार काळ टिकत नाही, हे तिला उमगले होते.

बायबलमध्येही या विषयाचे दोन दाखले आहेत. रूथ ही नामीची सून. सासूला सोडून जाण्याची मोकळीक असूनही ती गेली नाही. तिची निष्ठा आपण प्रवचनांत ऐकतो. परंतु बेथलेहेमात पोहोचल्यावर बवाजाने तिला आपल्या शेतात सरवा वेचू दिला आणि तिच्यासाठी मुद्दाम कणसे मागे टाकण्यास गड्यांना सांगितले, हा भागही तितकाच महत्त्वाचा. सेवा करणारीला कोणीतरी आधार दिला, म्हणून ती सेवा करू शकली. दुसरा दाखला सिराखच्या ग्रंथातला, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला. त्याच्या तिसऱ्या अध्यायात पित्याच्या म्हातारपणाविषयी लिहिताना, त्याची समज कमी झाली तरी त्याच्याशी सबुरीने वागावे, असा उपदेश आहे. स्मृतिभ्रंशाचे नाव ठाऊक नसतानाही त्या ग्रंथकाराने घरातला नेमका कठीण प्रसंग ओळखला होता.

कायदे आले, घर तसेच राहिले

स्वतंत्र भारतात या प्रश्नाकडे शासनाचे लक्ष हळूहळू गेले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. १९१२ च्या कायद्याच्या जागी १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला आणि १९९३ पासून अमलात आला. १९९६ मध्ये जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम आखला गेला. १९९९ हे संयुक्त राष्ट्रांनी ज्येष्ठांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि त्याच वर्षी भारताने ज्येष्ठांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा झाला. मुलांनी आईवडिलांना सांभाळले नाही, तर न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय त्याने केली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा रुग्णाचा हक्क ठरवला आणि रुग्णाला साखळीने बांधून ठेवण्यास मनाई केली.

ही प्रगती खरी आहे आणि तिची थट्टा करू नये. तरी एक उणीव स्पष्ट दिसते. टाकून दिलेल्या आईवडिलांना कायदा हात देतो. पण ज्यांनी टाकलेले नाही, जे रात्रंदिवस सांभाळीत आहेत, त्यांच्या थकव्याची दखल घेणारे फारसे काही नाही. वृद्धांसाठीच्या राज्याच्या निवृत्तिवेतन योजनेला शासनाने श्रावणबाळाचे नाव दिले. श्रावणाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. अंध आईवडिलांना कावडीत बसवून तो तीर्थयात्रेला निघाला. त्या गोष्टीत आईवडिलांची तहान आहे, दशरथाचा बाण आहे, शाप आहे. कावडीच्या दांडीने श्रावणाच्या खांद्याला घट्टे पडले असतील, त्याविषयी मात्र कथा गप्प आहे.

गोव्यात काय घडले

मग मधली पायरी कशी बांधायची ? याचे एक उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात शोधले गेले. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगत' या संस्थेच्या सहकार्याने डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेल्या एक्क्याऐंशी कुटुंबांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठे रुग्णालय बांधले नाही की महागडी यंत्रे आणली नाहीत. स्थानिक भाषा बोलणाऱ्या, डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले आणि त्यांना निम्म्या कुटुंबांच्या घरी सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा पाठवले. त्यांनी घरच्यांना आजार समजावून सांगितला. रुग्णाशी वाद न घालता कसे बोलावे, रात्री तो उठला तर काय करावे, आंघोळीला नकार दिला तर कसे हाताळावे, हे दाखवले. इतर नातेवाइकांना कामाची वाटणी करण्यास सुचवले. गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञांची गाठ घालून दिली. आणि मुख्य म्हणजे, सांभाळणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतले.

सहा महिन्यांनी रुग्णाची स्मृती काही परत आली नाही. ती येणार नव्हतीच. परंतु ज्या घरांत हे कार्यकर्ते गेले, तेथील सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य इतर घरांच्या तुलनेने स्पष्टपणे सुधारले. रोग तोच, घर तेच, रात्रीही त्याच. फरक पडला तो दारात येणाऱ्या एका माणसामुळे.

पुढे याच मंडळींनी नैराश्याची सुरुवातीची लक्षणे असलेल्या १८१ वृद्धांबाबत असाच प्रयत्न केला. प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांनी त्यांना रोजच्या अडचणी सोडवण्याची रीत शिकवली, झोपेच्या सवयी सुधारल्या, शासकीय योजनांचा लाभ मिळवण्यास मदत केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात या वृद्धांपैकी शेकडा चार जणांना पूर्ण नैराश्याने गाठले. ज्यांना ही मदत मिळाली नव्हती, त्यांच्यात ते प्रमाण शेकडा चौदा होते.

आपल्या धर्मग्रामापुढील काम

हा इतिहास वाचून आपण काय घ्यावे ?

पहिली गोष्ट, घरच्यांनी 'वय झाले' या शब्दांवर थांबू नये. विसरभोळेपणा, उदासीनता, वागण्यातला बदल दिसला तर आधी डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, कमी ऐकू येणे, एखाद्या औषधाचा दुष्परिणाम अशी सुधारता येण्याजोगी कारणेही असतात. कालपर्यंत ठीक असलेला वृद्ध एकाएकी भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तर ते बहुधा जंतुसंसर्गासारख्या शारीरिक आजाराचे लक्षण असते आणि तेव्हा विलंब न करता दवाखाना गाठावा. 'आता नको जगणे' हे शब्द थट्टेवारी नेऊ नयेत. मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून सुरू असलेली शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर, तर ज्येष्ठांसाठीची एल्डर लाइन १४५६७ या क्रमांकावर उपलब्ध आहे. घरच्यांनीही तेथे बोलावे. ती सेवा केवळ रुग्णांसाठी नाही.

दुसरी गोष्ट, भावंडांनी हिशेब बदलावा. पैसे पाठवणारा आणि हात लावणारा यांत हात लावणाऱ्याचा वाटा मोठा मानावा. वर्षातून चार दिवस येऊन 'आई वाळली कशी, नीट खायला देता ना ?' असे विचारणाऱ्या मुलाने त्याच चार दिवसांत वहिनीला माहेरी पाठवावे आणि आईचे अंथरूण स्वतः बदलावे. मनीऑर्डरीच्या काळात पुरुषाला घरी थांबणे शक्य नव्हते. आज ज्यांना शक्य आहे, त्यांना ती सबब उरलेली नाही.

तिसरी गोष्ट धर्मग्रामाची. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलै महिन्याचा चौथा रविवार आजी-आजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन म्हणून पाळण्यास सांगितले. त्या दिवशी आपण वृद्धांना फुले देतो, गाणी म्हणतो. ते चांगलेच आहे. पण ज्यांना मंदिरात आणताच येत नाही, ते त्या दिवशी घरी असतात, आणि त्यांना सांभाळणारी व्यक्तीही घरीच असते. पॅरिसमध्ये १८३३ मध्ये फ्रेडरिक ओझानाम यांनी आपल्या मित्रांसह सुरू केलेल्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा पायाच मुळी गृहभेट हा आहे. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी जाऊन कम्युनियन देण्याची प्रथा आपल्याकडे आहे. म्हणजे दारात जाणारी माणसे आपल्यापाशी आहेतच. गोव्यातल्या कार्यकर्त्यांनी जे शिकून घेतले, ते या मंडळींना शिकता येणार नाही असे नाही. आणि शिकण्याआधीही एक काम करता येईल. आजोबांची विचारपूस झाल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे वळून विचारावे, 'तुझे कसे चालले आहे ? तू झोपतेस का ?' आणि तिने उत्तर द्यायला सुरुवात केली, तर घड्याळाकडे पाहू नये. आठवड्यातून दोन तास कोणी त्या म्हाताऱ्यापाशी बसले, तर तिला बाजारात जाता येईल, मिस्साला येता येईल, नुसते आडवे होता येईल. दोन तास ही मोठी गोष्ट वाटत नाही. ज्याला वर्षभर ते मिळाले नाहीत, त्याला विचारून पाहावे.

शाहूवाडीच्या डोंगरात जुलै महिन्यात पावसाचा सर्वाधिक जोर असतो. धुक्यात घाटाची वळणे दिसत नाहीत आणि वाड्यावस्त्यांचा रस्ता कधी कधी तुटतो. अशा दिवसांत त्या मुलखातील कुठल्याशा घरात या क्षणी कोणी सून सासऱ्यांना घास भरवीत असेल आणि ते तिलाच 'तू कोण ?' असे विचारीत असतील. ती उत्तर देईल, पुन्हा देईल, आणि दिवसातून विसाव्यांदा तेच उत्तर देईल. तिच्यापर्यंत आपण आज पोहोचू शकणार नाही. परंतु आपल्या गल्लीत, आपल्या इमारतीत, मंदिरापासून हाकेच्या अंतरावर तशीच एक आहे. तिच्या घराचा पत्ता आपल्याला ठाऊक आहे.